थोरलीची जागा

तिच्या मामाला त्याच्या गावाने चोर ठरवलं. तो चोर नव्हता हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, एक खुद्द मामा आणि दुसरी ती. खरा चोर आणि तिचा मालक धरले तर चार, पण ते दोघे काही साक्ष द्यायला येणार नव्हते. ही गोष्ट तिची आहे. मामाची म्हटली तरी चालेल, पण मामा मितभाषी माणूस, आणि कुणी काही बोललंच नाही तर सांगणाऱ्याने सांगायचं काय?

शाळेतली मुलं तिला खेळवाली बाई म्हणायची. शाळेच्या संगणकांच्या खोलीत ती शिरली की पंख्याखालच्या खुर्च्यांसाठी ढकलाढकली सुरू व्हायची. निम्म्या हेडफोनचा स्पंज निघालेला, कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली, एका माउसला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती एकेक संगणक सुरू करत जायची, आणि पडद्यावर लाल मातीचं एक गाव उभं राहायचं. मुलं त्या गावात शिरायची. दारावरचं कोरीवकाम, बसायची स्टुलं, धान्याच्या कोठीवरची नक्षी, सगळं हात लावून बघता यायचं. हात म्हणजे पडद्यावरचा हात. आफ्रिकेतली कला आणि तिथली जुनी परंपरा मुलांना खेळातून शिकवायची, हे तिचं काम होतं. तिला ते काम मनापासून आवडायचं. पुढे जे झालं ते त्या आवडीतूनच झालं, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पडद्यावरचं ते गाव तिचं आजोळ होतं.

तिची आई लग्न करून समुद्रापलीकडून या शहरात आली. वडील बसडेपोत फिटर होते. ते गेले तेव्हा ती शाळेत होती, आणि त्यानंतर आईच्या शिलाई मशीनवर घर चाललं. एकच खोली, खिडकीला लागून मशीन, पलंगाखाली लोकांच्या कपड्यांची गाठोडी. आई टीप मारता मारता अखंड बोलायची. गावातल्या गोष्टी, नातीगोती, कोण कुणावर रुसलं, कुणाची शेळी कुणाच्या घरात शिरली. ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही तरी तिचं अडायचं नाही. त्या बोलण्यात मामा नेहमी असायचा. आईचा एकुलता एक भाऊ, आणि गावाचा राखणदार.

राखणदार कशाचा? तर थोरलीचा. थोरली म्हणजे लाकडाची एक बसलेली बाई. हात गुडघ्यांवर, एका कानाचा टवका उडालेला, पाठ पिढ्यान् पिढ्या तेल चोळून गुळगुळीत झालेली. सगळं गाव आपण तिच्या पोटचे आहोत असं मानायचं. गावाच्या मोठ्या घरात पुढच्या खोलीत एक मूर्ती असायची, येणारेजाणारे तिलाच हात जोडायचे. पण ती नुसती तिच्यासारखी घडवलेली दुसरी. तिला सगळे ‘पुढची’ म्हणायचे. खरी थोरली कुठे ठेवलेली असते ते एकट्या राखणदाराला माहीत. नवा राखणदार नेमायच्या दिवशी तेवढी ती चारचौघांसमोर यायची, आणि पुन्हा तिच्या जागी जायची. राखणदारी मामाकडून भाच्याकडे नाहीतर भाचीकडे जायची, बापाकडून मुलाकडे नाही. हेसुद्धा आईने कधीतरी एका परकराला नाडी घालता घालता सांगितलं होतं. शंभर गोष्टींतली एक गोष्ट. मुलीने ऐकली आणि सोडून दिली.

लहानपणी एकदा आई तिला शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेली होती. तिथे काचेच्या पेटीत एक लाकडी बाई उभी होती आणि खाली पाटी: स्त्रीमूर्ती. लाकूड. आफ्रिका. उपयोग अज्ञात. आईने ती लेकीकडून वाचून घेतली आणि इतक्या मोठ्याने हसली की पहारेकरी धावत आला.

“आफ्रिका म्हणे!” आई त्यालाच सांगायला लागली. “एवढ्या मोठ्या मुलुखात हिचं गावच नाही का कुठे? उद्या मी हरवले तर माझ्या पाटीवर काय लिहाल? बाई. सुती कपडा. पृथ्वी. उपयोग अज्ञात.”

पहारेकऱ्याने दोघींना नम्रपणे बाहेरची वाट दाखवली. आईला ती गंमत वाटली, पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना रंगवून सांगत होती. लेकीला मात्र राग आला, आणि तो राग तिने मोठी होईपर्यंत जपून ठेवला.

मोठी झाल्यावर तिने काय करावं? नळ काढायला लागली. म्हणजे न्हाणीघराचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत संगणकावर नळांची, बेसिनांची, साबणदाण्यांची थ्रीडी चित्रं काढायची. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढंच बघत तिची उमेदीची वर्षं गेली. पण हात बसला. कुठलीही वस्तू एकदा नीट पाहिली की ती मापासकट डोक्यात ठेवायची आणि पडद्यावर जशीच्या तशी उभी करायची, ही विद्या तिला त्या नळांनी दिली.

मग एका छोट्या खेळ-कंपनीत जागा निघाली. टायरच्या दुकानावरचे दोन मजले, जिन्यात सदैव रबराचा वास. मालक तरुण, बडबड्या, मनाने वाईट नाही. संग्रहालयाने आणि शाळांनी मिळून त्याला काम दिलं होतं: मुलांना आफ्रिकेची कला समजेल असा व्हिडिओ गेम बनवून द्या. मालकाने पहिल्याच बैठकीत आपली कल्पना मांडली. जंगलातून मुखवटे उड्या मारत अंगावर येणार आणि खेळणाऱ्याने त्यांना भाले मारायचे.

“मुखवटा म्हणजे भूत नव्हे,” ती म्हणाली. “आणि भिंतीवर टांगायची शोभेची वस्तूही नव्हे. तो घालून माणूस नाचतो, अंगभर झगा, पायात वाळे, पुढे ढोल. ते सगळं मिळून मुखवटा होतो. तुम्ही म्हणताय ते म्हणजे नुसत्या टोपीला माणूस म्हणणं.”

“मग तूच कर बाई,” मालक म्हणाला. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि हिच्या डोक्यावर चढलं.

तिने ठरवलं की खेळातलं गाव खरं असेल. नाव खरं, घरं खरी, प्रत्येक वस्तू जिथे असते तिथेच. पाटीवर ‘आफ्रिका’ लिहून हात झटकायचे नाहीत. तिने रजा काढली, कॅमेरा आणि मापाची टेप घेतली आणि आजोळी गेली.

मामाने तिला डोक्यावर घेतलं. उंच, वाळका माणूस, चालताना हात पाठीशी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भाची दिवसभर भिंती मोजत फिरायची आणि तो टेपचं दुसरं टोक धरून मागोमाग चालायचा. लोक चेष्टा करायचे, की राखणदाराने आता शिंप्याचा धंदा सुरू केलेला दिसतो. सुतार तासणीने स्टूल कसं घडवतो ते तिने चित्रित केलं, म्हाताऱ्या बायकांकडून नक्षीचे अर्थ विचारून घेतले, मुखवट्याच्या नाचाची पावलं टिपली. मुलांना शिकवायला खेळ करतेय हे तिने मामाला सांगितलं होतं. त्याला ते फार बरं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, “उद्या उजाडल्यावर माझ्याबरोबर चल. हात रिकामे ठेव.”

तिने कॅमेरा घरीच ठेवला. मामाने तिला थोरलीच्या जागी नेलं.

ती जागा कुठली ते इथे लिहायचं नाही. सांगणाऱ्याला माहीत नसेल असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे.

मामाने थोरली तिच्या हातात दिली. कानाचा टवका, मानेवरचे तासणीचे बारीक घाव, हातांनी झिजून काचेसारखी झालेली पाठ. “पुढची आणि ही, फरक कळतो?” त्याने विचारलं. कळत होता. तो कसा ओळखायचा ते त्याने एकेक करून दाखवलं. मग थोरली परत जागी ठेवली, आणि म्हणाला, “नीट बघून घे. विसरू नकोस. मी काय जन्माला पुरणार आहे?”

मामा राखणदारी सोपवत होता. भाचीला वाटलं, जुनं सारं नष्ट होईल म्हणून मामा धास्तावलाय आणि ते आपण खेळात जतन करावं असं त्याला वाटतंय. हात रिकामे ठेव म्हणाला ते आदर म्हणून, असं तिने धरून चाललं. आणि विसरू नकोस म्हटल्यावर तिच्यासारख्या बाईने काय करावं? परतीच्या बसमध्ये मांडीवर कागद ठेवून तिने ती जागा मापासकट काढून ठेवली. न विसरण्याचा तिला तेवढाच मार्ग ठाऊक होता.

तिला काहीच कळलं नव्हतं असं म्हणणं मात्र पुरतं खरं नाही. कागद काढताना तिने शेजारच्या बाईकडे पाठ केली होती. मनात काहीतरी टोचलं असल्याशिवाय माणूस पाठ करत नाही.

तरी तो कागद बरेच दिवस पिशवीतच राहिला. खेळ तयार झाला आणि पहिल्यांदा शाळेत नेला तेव्हा सपशेल आपटला. मुलं गावभर धावत सुटली. मडकी फोडता येतात का ते बघितलं, शेळीवर बसता येतं का ते बघितलं, कोरीव दारांसमोरून भिरभिरत निघून गेली. एकाने विचारलं, “बाई, यात जिंकायचं कसं?” शिकवणाऱ्याचं तोंड पडायला याहून अधिक काय लागतं? मालकानेही तोंड वाकडं केलं. भाल्यांचा विषय पुन्हा निघाला.

तेव्हा तिने कागद बाहेर काढला.

‘खरी थोरली शोधा’ हा खेळाचा शेवटचा टप्पा झाला. पुढच्या खोलीत एक मूर्ती, पण ती खरी नव्हे. खरी शोधायची तर दारावरची नक्षी वाचता आली पाहिजे, नवं लाकूड आणि जुनं लाकूड ओळखता आलं पाहिजे, तासणीचा घाव आणि झीज यांतला फरक दिसला पाहिजे. या खुणा तिने आपल्या मनाच्या रचल्या होत्या. त्या जिथे नेऊन सोडत, ती जागा मात्र मामाने दाखवलेलीच. आणि काय सांगावं, मुलं खिळून राहिली. जी पोरं दारासमोर क्षणभर थांबत नव्हती ती दाराला नाक लावून बसली. घरी जाऊन आईबापांना घडवलेलं आणि झिजलेलं यातला फरक समजावून सांगू लागली. शाळांच्या मागण्या वाढल्या. संग्रहालयाने आपल्या पाट्या बदलायचं मनावर घेतलं. मालकाने पत्रक छापलं: या खेळातली एकूण एक भिंत प्रत्यक्ष मोजून घेतलेली आहे, काल्पनिक काहीही नाही. तिने ते वाचलं आणि तिला अभिमान वाटला.

सगळ्यांना वाटायचं, तो शेवटचा टप्पा तेवढा बाईंच्या डोक्यातून निघाला असणार. आईलाही तसंच वाटलं. पडद्यावर आपलं गाव बघून तिने डोळे पुसले, आणि लपवलेली मूर्ती सापडल्यावर म्हणाली, “शाबास! खरी थोरली अशीच कुठे असायची म्हणे.” मापाचं पत्रक आणि खेळ दोन्ही नीट वाचणारा कुणीतरी एकच निघाला. तो धडा नीट शिकला.

आईला गावाहून फोन आला तेव्हा ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. थोरली गेली. मामा तेल लावायला गेला तर जागा रिकामी. कुठे काही फोडलेलं नाही, उकरलेलं नाही, पुढच्या मूर्तीला हातसुद्धा लावलेला नाही. मामाने स्वतः जाऊन पंचांना सांगितलं.

“म्हणजे चोराला नेमकं ठाऊक होतं,” आई म्हणाली. “पण ठाऊक तर एकट्या राखणदाराला असतं.” आणि हातातली कात्री तशीच ठेवून ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. लेकीच्या पायाखालची जमीन सरकली होती, पण आईला वाटलं, तिलाही मामाचीच शंका आली.

ती तडक ऑफिसात गेली आणि मालकाला सारं सांगितलं.

“योगायोग असेल,” तो म्हणाला.

“नाही.”

“बरं, नसेल. तो टप्पा आजच्या आज काढून टाक. सगळ्या शाळांचे संगणक आपोआप नवी प्रत उतरवून घेतील. आणि कुठे बोलू नकोस. आपण काही कुणाची मूर्ती उचललेली नाही. बोललीस तर खेळ बंद, शाळा बंद, आणि तुझी मूर्ती काही त्याने परत येत नाही.”

तिने टप्पा काढला. खऱ्या थोरलीच्या जागी रिकामी भिंत आली आणि खेळ पुढच्या खोलीतच संपू लागला. मुलांनी कुरकुर केली. “बाई, ते शोधायचं कुठे गेलं?” ती म्हणायची, दुरुस्ती चालू आहे. आणि मग ती मूग गिळून बसली. आज बोलू, उद्या बोलू. जरा चौकशी पुढे जाऊ दे, चोर सापडेल, मामा सुटेल, मग बोलायची गरजही उरणार नाही. भित्र्या माणसाला सबबी कमी पडत नाहीत, आणि ती त्या दिवसांत भित्री होती, यात लपवण्यासारखं काही नाही.

गावात तोवर मामाचं पाणी बंद व्हायची पाळी आली होती. कुणी त्याच्या ओसरीवर बसेना. ज्यांच्या बारशाला तो उभा होता ती माणसं त्याला बघून रस्ता बदलू लागली. विकली म्हणाले, म्हातारपणाची सोय केली म्हणाले. शेवटी पंचांनी त्याच्याकडून मोठ्या घराच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि गाव सोडायला सांगितलं. दूरच्या बाजारगावी एका ट्रकच्या गॅरेजात त्याला राखणदारीचंच काम मिळालं, सुट्या भागांच्या राखणीचं. हे सगळं आईला फोनवरून कळत गेलं. ज्या दिवशी किल्ल्यांची बातमी आली त्या दिवशी तिने भिंतीवरचा भावाचा फोटो उतरवला आणि कपड्यांच्या गाठोड्यामागे टाकला.

“या घरात त्याचं नाव काढायचं नाही,” ती म्हणाली. तिचं बोलणंही त्या दिवसापासून आटलं. टीप मारताना खोलीत नुसता मशीनचा आवाज यायला लागला.

मग मात्र भाचीला राहवेना. दुपारी टायरच्या दुकानामागच्या गल्लीत उभं राहून तिने गॅरेजच्या मालकाच्या फोनवर मामाला बोलावून घेतलं. पलीकडे कुठलंसं इंजिन गुरगुरत होतं.

“मामा, मी बोलतेय.”

“बोल.”

तिने सांगितलं. बसमधल्या कागदापासून पत्रकापर्यंत, काही मागे ठेवलं नाही.

“जशीच्या तशी दाखवलीस?” मामाने विचारलं.

“हो.”

“मापासकट?”

“हो मामा.”

“घरी पोचेपर्यंतसुद्धा धीर निघाला नाही तुला.”

ती रडायला लागली. त्याने तिला रडू दिलं. थांब म्हणाला नाही, उगी म्हणाला नाही.

“मी गावाला सांगते,” ती म्हणाली. “जुना खेळ माझ्याकडे आहे अजून. पंचांना दाखवते. ही बघा जागा, ही मीच जगाला दाखवली, मामाने काही केलं नाही. एका घटकेत सगळं स्वच्छ होईल.”

“काय दाखवशील?”

“जागा.”

“कुणाला?”

“सगळ्यां...” म्हणता म्हणता ती थांबली.

“चोराला कळलं म्हणून आता गावालाही सांगायचं? उद्या ती परत आली तर ठेवायची कुठे?”

“पण मामा, चोराला माहीतच आहे की.”

“चोराचं काम झालं. तो विसरेल. गाव विसरायचं नाही. पोराटोरांपर्यंत जाईल, आणि मग ती जागा गेली. मूर्ती एक वेळ परत येते. जागा उघडी पडली की पडली.”

“ती परत येईल असं वाटतं तुला?”

“राखणदाराला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.”

“लोक तुला चोर म्हणतात!”

“ऐकतो ना मी. रोज ऐकतो. इथपर्यंत आलंय ते.” तो थांबला. “वाईट वाटतं गं. मला वाटलं होतं, वाटणार नाही. फार वाटतं.”

मग त्याचा आवाज अगदी सपाट झाला.

“माझा राग आहे तुझ्यावर. तो काही जायचा नाही, माफी मागत बसू नकोस. पण रागाने राखणदार बदलत नाही. तुला जागा दाखवली तेव्हाच तुला नेमलं मी. माझ्यानंतर तू.”

“कशाची राखण करू? काही उरलंय का तिथे?”

“जागा उरलीय. तोंड बंद ठेवायचं, एवढंच काम आहे ते. मला येतं. तुला शिकायला लागेल.”

“आईला तरी सांगू दे. तिने तुझा फोटो काढून टाकलाय.”

पलीकडे इंजिन बंद झालं होतं.

“तुझ्या आईच्या पोटात आजवर काही राहिलंय?” मामा म्हणाला. “तिला सांगितलंस की संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, भाऊ निर्दोष आहे आणि कशावरून आहे. नाही. तिलाही नाही. कबूल कर.”

तिने कबूल केलं.

त्या दिवशी तिने ऑफिसात बसून जुन्या खेळाच्या सगळ्या प्रती पुसल्या. स्वतःच्या संगणकावरची, मालकाच्या कपाटातल्या डिस्कवरची, संग्रहालयाला दिलेली. मूळ कागद बेसिनमध्ये जाळला. मामाला सोडवू शकेल असं जे काही जगात होतं ते तिने आपल्या हाताने संपवलं. आदल्या खेपेला टप्पा काढला तो भीतीने, या खेपेला शब्द दिला म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत काही फरक दिसला नसता. मालक म्हणाला, “शहाणी झालीस.” तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

काम तिने सोडलं नाही. मुलांना मुखवट्याचा नाच दाखवत राहिली, नक्षी वाचायला शिकवत राहिली. पण खेळात आता कुठलंच गाव खरं नव्हतं. दहा ठिकाणची घरं एकत्र करून तिने एक बिननावाचं गाव रचलं. ज्या पाटीवर ती लहानपणापासून चिडलेली होती तीच पाटी तिने आपल्या हाताने लिहिली, आणि हे तिला कळतही होतं.

मामा गॅरेजातच वारला. तापाचं निमित्त झालं. राखणदारांना जिथे पुरतात तिथे गावाने त्याला जागा दिली नाही, गॅरेजवाल्यांनीच बाजारगावाच्या कडेला पुरलं. फोन आईने घेतला. “बरं,” एवढंच म्हणाली, आणि पुन्हा मशीनवर बसली. शाळेच्या गणवेशांचं काम होतं, बाह्या जोडायच्या होत्या. लेक पलंगावर बसून होती. तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं आणि दातांच्या आत तिने ते धरून ठेवलं होतं.

एक बाही झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि मशीन थांबलं.

“खरं सांग,” आई म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. “त्याने विकली असेल का गं?”

“नाही.”

आईने झटकन वर पाहिलं. इतक्या दिवसांत तिचा चेहरा असा उघडा झाला नव्हता. लेकीने फक्त पुढचं वाक्य बोलायचं होतं आणि भाऊ तिला परत मिळणार होता, मेलेला का होईना.

“कशावरून म्हणतेस?”

खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“तसं वाटतं मला.”

आई तिच्याकडे अजून जरा वेळ बघत राहिली, काहीतरी येईल म्हणून. मग तिने बाही सुईखाली सरळ केली.

“वाटायला काय,” ती म्हणाली, “मलाही वाटायचं.” आणि तिने मशीन सुरू केलं.